मॉस्कोनें नाकारलेला कन्चेर्टो



पाश्चात्य संगीताविषयीं कोणी बोलावयास बसलें म्हणजे आपल्याकडील रसिकांच्या मनांत प्रथम एक अढी उभी राहते, हें मी जाणून आहें. ती माझ्याही मनांत होती. माझे मामा ख्यालाचे मोठे शौकीन. एकेका स्वरावर तासन् तास रमणारे. मीं विद्यार्थिदशेंत एका मित्राकडून एक ध्वनिमुद्रिका मागून आणली आणि मोठ्या हौसेनें त्यांना ऐकविली. पांच मिनिटें त्यांनीं मान खालीं घालून ऐकलें आणि म्हणाले, "अरे, हें गाणें आहे कीं भाऊबंदकी? एक जण कांहीं म्हणूं लागतो तोंच ऐंशी जण त्याच्यावर तुटून पडतात!" ती ध्वनिमुद्रिका चायकोव्स्कीच्या पहिल्या पियानो-कन्चेर्टोची होती, आणि पियानोवर बसला होता व्हॅन क्लायबर्न नांवाचा तेवीस वर्षांचा तरुण. मामांचा शेरा त्या वेळीं माझ्या मनाला लागला. पुढें पुष्कळ वर्षांनीं लक्षांत आलें कीं, त्यांनीं थट्टेच्या भरांत कन्चेर्टोची व्याख्याच सांगून टाकली होती.

कन्चेर्टो म्हणजे एक वादक एका बाजूस आणि संबंध वाद्यवृंद दुसऱ्या बाजूस, अशी रचना. हे दोघे कधीं भांडतात, कधीं एकमेकांची समजूत घालतात, कधीं एकाचें बोलणें दुसरा पुरें करतो. आपल्याकडील जुगलबंदीची येथें आठवण होईल, पण तिच्यांत आणि ह्यांत एक मोठा भेद आहे. जुगलबंदींत पुढच्या क्षणीं काय होणार हें वादकांनाही ठाऊक नसतें. कन्चेर्टोंत प्रत्येक स्वर आधींच कागदावर उतरलेला असतो. मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जे गोमंतकीय वादक अशी लिपी पाहून वाजवीत, त्यांची ही विद्या आपल्या ओळखीची आहे. मग लिहिलेलेंच वाजवावयाचें तर कलावंताचें कर्तृत्व तें काय उरलें? उरतें तें वजनांत, विरामांत आणि लयीच्या सूक्ष्म ओढाताणींत. एकच पत्र दोन माणसांनीं वाचून दाखविलें तर एकाच्या वाचनानें डोळ्यांत पाणी येतें व दुसऱ्याच्या वाचनानें जांभई. अक्षरें तींच असतात.

आतां पियानोविषयीं दोन शब्द. हें वाद्य मोठें विलक्षण आहे. आणि आपल्या दृष्टीनें पाहिलें तर मोठें दुबळेंही आहे. ह्याला मींड नाहीं. ह्याचा स्वर एकदां उमटला कीं त्याच क्षणापासून तो विरूं लागतो. सारंगीवर किंवा व्हायोलिनवर गज ओढून स्वर वाढवितां येतो, तसा येथें वाढवितां येत नाहीं. पट्टी दाबली कीं आंतील नमद्याची हातोडी तारेवर आपटते आणि परत फिरते. त्यानंतर वादकाच्या हातीं त्या स्वराला थोपवून धरण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं. असें असून ऐंशी वाद्यांपुढें हा एकटा टिकतो कसा? त्याचें कारण एकोणिसाव्या शतकांतल्या कारखान्यांत आहे. ह्या शतकांत पियानोच्या पोटांत लाकडी चौकटीऐवजीं ओतीव लोखंडाची चौकट आली. दोनशेंहून अधिक पोलादी तारा तिच्यावर ताणलेल्या असतात आणि त्या सर्वांचा मिळून ताण सुमारें वीस टन होतो. एवढें बळ अंगीं आल्यावर दिवाणखान्यांतलें हें वाद्य मोठ्या सभागृहांत जाऊन वाद्यवृंदाशीं सामना करूं लागलें, आणि लिस्ट, ब्राम्स, ग्रीग, चायकोव्स्की ह्यांचे कन्चेर्टो जन्मास आले.

चायकोव्स्कीनें आपला पहिला कन्चेर्टो १८७४ च्या अखेरीस लिहिला. त्याचें वय तेव्हां चौतीस. तो मॉस्कोच्या संगीतविद्यालयांत शिकवीत असे. ह्या विद्यालयाचा संस्थापक आणि संचालक निकोलाय रूबिन्स्टाइन हा स्वतः थोर पियानोवादक होता. चायकोव्स्कीला नोकरी त्यानेंच दिलेली. सुरवातीला आपल्या घरीं जागाही त्यानेंच दिली होती. तेव्हां ही नवी रचना प्रथम त्याला दाखवावी, हें ओघानेंच आलें. नाताळच्या आदल्या रात्रीं विद्यालयाच्या एका वर्गांत चायकोव्स्की पियानोपाशीं बसला आणि त्यानें पहिला भाग वाजवून दाखविला. रूबिन्स्टाइन गप्प. बरें नाहीं, वाईट नाहीं, एक अक्षर नाहीं. आपल्यापैकीं ज्यांनीं कोणी आपलें लिखाण वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखविलें असेल, त्यांना त्या शांततेची कल्पना सहज येईल. चायकोव्स्कीनें तसाच धीर धरून शेवटपर्यंत वाजविलें, आणि मग विचारलें, "कसें काय?" त्यावर रूबिन्स्टाइनच्या तोंडाचा बांध फुटला. ही रचना निरुपयोगी आहे, ती वाजवितां येण्यासारखीच नाहीं, हिच्यांतलें कांहीं उसनें तर कांहीं ओबडधोबड आहे, दोनतीन पानें ठेवावीं व बाकीचीं फेंकून द्यावीं, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. हें सारें चायकोव्स्कीनें तीनएक वर्षांनीं आपल्या आश्रयदात्या नादेझ्दा फॉन मेक ह्यांना पत्रानें कळविलें, आणि त्या पत्रांतही जखम ओलीच असल्याचें दिसतें. रूबिन्स्टाइननें सुचविलें कीं, अमुक अमुक बदल केलेस तर मी हें वाजवीन. चायकोव्स्कीनें उत्तर दिलें कीं, एक स्वरही बदलणार नाहीं, आहे तसेंच छापीन.

मला येथें रूबिन्स्टाइनची बाजू घ्यावीशी वाटते. ती सहसा कोणी घेत नाहीं. पुढें चायकोव्स्कीनें ह्या रचनेंत दोन वेळां फेरफार केले. आज जो आरंभ ऐकून श्रोते खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात, म्हणजे पियानोचे ते तळापासून माथ्यापर्यंत जाणारे प्रचंड स्वरसमूह, ते मूळ प्रतींत असे नव्हतेच. तेथें स्वर विखरून, वीणेवर बोटें फिरवावीं तसे वाजवावयाचे होते. तेव्हां त्या रात्रींच्या टीकेंत सारेंच खोटें नव्हतें. चूक होती ती सांगण्याच्या रीतींत, आणि वेळेंत.

रागावलेल्या चायकोव्स्कीनें ती रचना जर्मनीचा विख्यात वादक हान्स फॉन ब्यूलो ह्याला अर्पण केली. ब्यूलो अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला होता. त्यामुळें ह्या अस्सल रशियन कृतीचा पहिला प्रयोग झाला तो रशियांत नव्हे, तर अमेरिकेंत, बोस्टन शहरीं, २५ ऑक्टोबर १८७५ रोजीं. बोस्टनच्या श्रोत्यांनीं ती डोक्यावर घेतली. त्यानंतर दीड महिन्याच्या आंत रशियाच्या दोन्ही राजधान्यांत ती वाजविली गेली. आणि मॉस्कोच्या त्या प्रयोगाचें नेतृत्व करावयास कोण उभें राहिलें म्हणाल, तर तोच निकोलाय रूबिन्स्टाइन! पुढें तो हा कन्चेर्टो स्वतः पियानोवर वाजवूंही लागला. माणसाचें मोठेपण कोठें दिसतें तें सांगतां येत नाहीं. पुढें १८९१ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कचें कार्नेगी सभागृह उघडलें तेव्हां चायकोव्स्की खास त्यासाठीं समुद्र ओलांडून गेला होता. त्या उद्घाटनाच्या सप्ताहांत त्याच्याच नेतृत्वाखालीं हा कन्चेर्टो झाला. हें सभागृह लक्षांत ठेवावें, तेथें आपल्याला परत यावयाचें आहे.

आतां आपण एकदम १९५८ सालावर येऊं. मधल्या काळांत दोन महायुद्धें झालीं, रशियांत राज्यक्रांति झाली, आणि अमेरिका व सोव्हिएट रशिया एकमेकांकडे दांतओठ खाऊन पाहूं लागले. ऑक्टोबर १९५७ मध्यें रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह आकाशांत सोडला व अमेरिकेची झोंप उडविली. यंत्रविद्येंत आपण पुढें. आतां कलेंतही आपण पुढें, हें जगाला दाखविण्यासाठीं मॉस्कोनें चायकोव्स्कीच्या नांवानें आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली. संयोजन समितीचे अध्यक्ष शोस्ताकोविच, पियानोच्या परीक्षकमंडळाचे अध्यक्ष एमिल गिलेल्स, परीक्षकांत स्व्यातोस्लाव रिख्टर. बक्षीस घरींच राहावें अशीच सर्व मांडणी होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

ह्या स्पर्धेंत टेक्ससचा एक सहा फूट चार इंच उंचीचा, कुरळ्या केसांचा, लाजाळू मुलगा उतरला. व्हॅन क्लायबर्न हा चार वर्षांपूर्वीं अमेरिकेंतलें एक मोठें पारितोषिक मिळवून गाजला होता; पण नंतर मागणी ओसरली होती आणि हातांत काम फारसें नव्हतें. त्याची पहिली गुरु म्हणजे त्याची आई. तिचे गुरु आर्थर फ्रीडहाइम, आणि फ्रीडहाइमचे गुरु साक्षात् लिस्ट. आईचा कटाक्ष असे कीं, जें वाजवावयाचें तें आधीं गळ्यांतून म्हणून पाहावें. पुढें न्यूयॉर्कला त्याला रोझिना लेव्हिन ह्या बाई गुरु म्हणून लाभल्या. ह्या बाई मॉस्कोच्या त्याच संगीतविद्यालयाच्या सुवर्णपदक मिळविलेल्या विद्यार्थिनी. म्हणजे घराण्याच्या भाषेंत बोलावयाचें तर हा मुलगा परका नव्हताच. मॉस्कोची गायकी समुद्रापलीकडे जाऊन, बरींच वर्षें तेथें राहून, माहेरीं परत आली होती.

११ एप्रिल १९५८ च्या रात्रीं विद्यालयाच्या मोठ्या सभागृहांत क्लायबर्नची अंतिम फेरी झाली. वाद्यवृंदाचे संचालक होते किरिल कोंद्राशिन. चायकोव्स्कीच्या कन्चेर्टोबरोबर क्लायबर्ननें रखमानिनॉव्हचा तिसरा कन्चेर्टो निवडला होता. ह्या निवडीचें मर्म रशियन श्रोत्यांना सांगावें लागलें नसेल. रखमानिनॉव्हही ह्याच विद्यालयाचा सुवर्णपदकधारी. राज्यक्रांतीनंतर १९१७ च्या डिसेंबरांत त्यानें देश सोडला तो कायमचा, आणि १९४३ सालीं तो अमेरिकेंतच वारला. त्याच्या ह्या तिसऱ्या कन्चेर्टोचाही पहिला प्रयोग १९०९ सालीं न्यूयॉर्कलाच झाला होता. तो अर्पण केला होता योसेफ हॉफमन ह्या त्या काळच्या अग्रगण्य वादकाला. हॉफमननें तो कधींच वाजविला नाहीं. इतका तो अवघड मानला जातो.

आणि तरीही त्याचा आरंभ किती साधा आहे! वाद्यवृंद नुसतें हलकेंच झुलत असतें आणि पियानो दोन्ही हातांनीं एकच चाल म्हणतो, एका वेळीं एकच स्वर. त्यांत ना साज ना शृंगार. एखादी म्हातारी स्त्री जात्यावर बसून स्वतःशींच गुणगुणावी तशी ती चाल वाटते. पुढचीं चाळीस मिनिटें ह्याच चालींतून एकेक धागा ओढीत रखमानिनॉव्हनें एवढा पसारा मांडला आहे. चांगल्या वादकाची परीक्षा पुढच्या वादळांत होत नाहीं, ती ह्या पहिल्या वीसपंचवीस मात्रांत होते, असें माझें मत आहे. वादळ बोटांच्या बळावरही निभावतें. पण जें वाद्य स्वर धरून ठेवूं शकत नाहीं, त्याच्यावर गळ्यानें गाइल्याचा भास उत्पन्न करणें ही निराळीच गोष्ट आहे. क्लायबर्न येथें घाई करीत नाहीं. प्रत्येक स्वराला तो पुढच्या स्वरापर्यंत हात धरून पोंचवितो. आईची ती गळ्यांतून म्हणण्याची शिकवण येथें कानांना ऐकूं येते.

कोंद्राशिन ह्यांच्या साथीविषयींही बोललें पाहिजे. आपल्याकडे तबलजी साथ करतो म्हणजे गायकाच्या मागें सांवलीसारखा राहतो. येथें ऐंशी माणसांना एका हाताच्या इशाऱ्यानें एकट्या वादकाच्या श्वासाबरोबर चालवावयाचें असतें. वादकानें एखादा स्वर केंसभर लांबविला तर ऐंशी गज केंसभर थबकले पाहिजेत. ह्या दोघांची ओळख अवघ्या कांहीं दिवसांची, भाषा निराळी, देश एकमेकांचे वैरी. आणि ऐकणाराला वाटावें कीं, हे बारा वर्षें एका गुरूपाशीं बसले होते.

शेवटचा स्वर वाजला आणि सभागृह उठून उभें राहिलें. टाळ्यांचा गजर मिनिटांवर मिनिटें चालला. परीक्षकही त्यांत सामील झाले. परंतु आतां खरा पेंच होता. रशियाच्या भूमीवर, रशियाच्या संगीताचें पहिलें पारितोषिक अमेरिकनाला द्यावयाचें? सांगतात कीं, रिख्टर ह्यांनीं क्लायबर्नला पूर्ण गुण दिले आणि बहुतेक इतरांच्या नांवापुढें शून्य मांडलें. असेंही सांगतात कीं, गोष्ट ख्रुश्चेव्ह ह्यांच्यापर्यंत नेण्यांत आली; त्यांनीं एवढेंच विचारलें कीं तो सर्वांत चांगला आहे काय, आणि होकार मिळतांच, मग द्या त्याला, असें सांगितलें. ह्या आख्यायिका क्लायबर्नच्या गौरवार्थ नेहमीं सांगितल्या जातात. माझ्या मनांत मात्र दरवेळीं दुसराच विचार येतो. त्या सभागृहांत गिलेल्स, रिख्टर ह्यांच्यासारखे कानाचे धनी बसले होते. त्यांना काय ऐकूं आलें ह्याविषयीं त्यांच्या मनांत क्षणभरही शंका नव्हती. आणि तरी तें कागदावर लिहिण्यासाठीं वरून परवानगी यावी लागली. परवानगी आली म्हणून ही कथा गोड झाली. ती न येती तर?

पहिलें पारितोषिक क्लायबर्नला मिळालें. दुसरें रशियाचे लेव्ह व्लासेन्को व चीनचा अवघ्या एकोणीस वर्षांचा लिऊ शिकुन ह्यांच्यांत विभागून देण्यांत आलें.

क्लायबर्ननें अमेरिकेस परततांना एक हट्ट धरला. कोंद्राशिन आपल्याबरोबर यावेत. दोन्ही सरकारांनीं तें मान्य केलें, आणि १९ मे १९५८ रोजीं रात्रीं, ज्या कार्नेगी सभागृहांत सदुसष्ट वर्षांपूर्वीं चायकोव्स्की स्वतः उभा राहिला होता, तेथेंच तेच दोन कन्चेर्टो पुन्हा झाले. वाद्यवृंद कोणता होता हें नभोवाणीच्या श्रोत्यांना सांगण्यास मला विशेष आनंद वाटतो. अमेरिकेच्या एका नभोवाणी कंपनीनें १९३७ सालीं टोस्कानिनी ह्यांच्यासाठीं खास एक वाद्यवृंद उभारला होता. १९५४ सालीं टोस्कानिनी निवृत्त झाले आणि कंपनीनें तो मोडला. पण वादकांनीं पांगण्याचें नाकारलें व 'सिंफनी ऑफ दि एअर' ह्या नांवानें आपल्याच हिंमतीवर ते वाजवीत राहिले. पोरके झालेले ते वादक, शत्रुराष्ट्राचा संचालक, आणि आदल्या वर्षीं ज्याला कोणी फारसें विचारीत नव्हतें असा वादक, असा तो संच जमला होता. दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्कनें क्लायबर्नची मिरवणूक काढली. सेनापतींवर होतो तसा कागदाच्या पट्ट्यांचा वर्षाव त्याच्यावर झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस ह्या दोघांनीं चायकोव्स्कीचा कन्चेर्टो मुद्रित केला, आणि शास्त्रीय संगीताची दहा लक्ष प्रती खपलेली ती पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ठरली.

येथें थांबलों असतों तर कथा गोड झाली असती. पण क्लायबर्नला ह्या यशाची किंमत मोजावी लागली. तो जेथें जाई तेथें लोकांना हेच दोन कन्चेर्टो हवे असत. तेवीस वर्षांच्या मुलाचें वादन आणखी कोठें गेलें असतें, त्यानें पुढें काय शोधलें असतें, हें कळावयास वावच राहिला नाहीं. त्यानें इतर रचनाही वाजविल्या, पण टीकाकार म्हणूं लागले कीं पूर्वींचा ताजेपणा राहिला नाहीं, आणि पुष्कळदां तें खरें होतें. १९७८ सालीं त्यानें व्यासपीठ सोडलें. १९८७ सालीं गोर्बाचेव्ह वॉशिंग्टनला आले तेव्हां त्यांच्यापुढें तो पुन्हा वाजवावयास बसला. २०१३ च्या फेब्रुवारींत तो वारला. कोंद्राशिन ह्यांनीं १९७८ सालींच रशिया सोडला आणि हॉलंडांत आश्रय घेतला. तीन वर्षांच्या आंत त्यांचें तेथेंच निधन झालें. सर्वांत दुःखद वाटा लिऊ शिकुनच्या वांट्यास आला. चीनमधील सांस्कृतिक क्रांतीच्या काळांत पाश्चात्य संगीत वाजविणें हाच गुन्हा ठरला. त्याला मारहाण झाली आणि त्यानें कांहीं वर्षें कारागृहांत काढलीं. मॉस्कोंत त्या तिघांनीं एकाच व्यासपीठावर उभें राहून नमस्कार केला होता.

माझी वेळ संपत आली आहे, पण मामांचें सांगावयाचें राहिलें. पहिला भाग त्यांना भाऊबंदकी वाटला, हें मीं सांगितलेंच. मीं ध्वनिमुद्रिका बंद करावयास उठलों तोंच दुसरा भाग सुरू झाला. तंतुवाद्यांच्या तारा बोटांनीं हलकेंच छेडल्या जात होत्या आणि त्यांच्यावर एकटी बासरी एक चाल म्हणूं लागली. मामांनीं हातानें मला थांबविलें. बासरीचें झाल्यावर तीच चाल पियानोनें घेतली, पुढें इतर वाद्यांनींही घेतली. तो भाग संपल्यावर मामा म्हणाले, "पुन्हा लाव." मीं पुन्हा लावला. मग त्यांनीं विचारलें, "पहिल्यांदां त्या बासरीवाल्यानें तिसरा स्वर खालचा घेतला, आणि मागाहून सगळे वरचा घेतात. त्याची चूक झाली कीं तसेंच आहे?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें मीं छापील लिपी मिळवून पाहिली. तसेंच आहे. बासरी तो स्वर एकदांच घेते, आणि त्या संबंध भागांत दुसरें कोणतेंही वाद्य तो घेत नाहीं. चायकोव्स्कीनें तसें कां केलें ह्यावर जाणकारांत अजून वाद आहे. बहुतेक वादक तें हेतुपुरस्सर समजून तसेंच ठेवतात. मामांना हें कळविलें तेव्हां ते नुसते हंसले आणि म्हणाले, "मग घेऊन ये ती तबकडी पुढच्या रविवारीं."